गिऱ्हाइकाच्या बाजूने

आमचे हे वजनकाटे दुरुस्त करतात. किराणा दुकानातला काटा, भंगारवाल्याचा, टपाल कचेरीतला पार्सलांचा, दवाखान्यातला बाळांचा, सगळे ह्यांच्या हाताखालून जातात. काटा तपासायचा, बिघडला असेल तर नीट करायचा आणि शेवटी तारेत शिशाची गोळी ओवून पकडीने दाबायची. ते सील असलं की काटा खरा. गावात ह्यांना नावाने कुणी ओळखत नाही, काटेवाले म्हटलं की कुणीही घर दाखवतं. मी वही सांभाळते. काट्यावर किती भार ठेवला आणि काट्याने किती दाखवला, एवढंच त्यात लिहायचं. लग्नाला तीस वर्षं झाली, त्यातली निम्मी मी ह्यांनी ओरडून सांगितलेले आकडे लिहिण्यात घालवली आहेत.

सासऱ्यांनी ह्यांना एक नियम घालून दिला होता. काटा कितीही नीट केला तरी केसभर चूक राहतेच, तर ती गिऱ्हाइकाच्या बाजूने राहू द्यायची. दुकानात माल केसभर जास्त गेला तर जाऊ दे. दवाखान्यात बाळ केसभर हलकं दिसलं तर दिसू दे, डॉक्टर जास्त काळजी घेतील. हे आजही तो नियम पाळतात. नियम पाळण्यात ह्यांचा हात धरणारा गावात दुसरा कुणी नाही, आणि माझं निम्मं दुखणं तेच आहे.

गावात एक जीवरक्षण मंडळ आहे आणि हे त्याचे सचिव. पोटातलं मूल पाडू नये, पाडायला निघालेल्या बाईला समजवावं, धीर द्यावा, हे मंडळाचं काम. पत्रक ह्यांनीच लिहिलं होतं, ‘जीव देणं आपल्या हातात नाही, घेणंही नाही.’ मी ह्यांची पुष्कळ थट्टा करते, पण खोटं का बोलू, ज्यांना घरच्यांनी बाहेर काढलं अशा चार-पाच मुलींना ह्या मंडळाने खोली बघून दिली, कपडेलत्ते दिले, त्यांची मुलं आज शाळेत जातात. हे फक्त भाषण ठोकणाऱ्यांतले नाहीत. हमरस्त्यावरच्या डॉक्टरबाईंनी गर्भपात करायला सुरुवात केली तेव्हा ह्यांनी त्यांचा बाळांचा काटा सील न लावता परत पाठवला. बाई तेव्हापासून शेजारच्या गावातून सील आणतात.

आणि मग आमच्याच घरात ते आलं. अडीच वर्षांपूर्वी लेकीला पाचवा महिना होता. डॉक्टरांनी सांगितलं, बाळाच्या डोक्याची कवटीच तयार झालेली नाही, जन्मलं तरी तासाभराच्या वर जगणार नाही. लेक आणि जावई आठ दिवस रडले आणि मग त्यांनी ठरवलं. तिने बापाला फोन करून सांगितलं, कारण ती बापाला काही लपवणारी नव्हे. हे म्हणाले, “तासभर जगणार असेल तर तासभर जगू दे. कारण कितीही मोठं असो, हात आपला नको.” ती म्हणाली, “बाबा, पोट माझं आहे.” ह्यांनी फोन ठेवला. तो ठेवला तो ठेवलाच.

त्यानंतर मी महिन्यातून एकदा बसने दोन तास जाऊन तिला भेटून यायची. परत आले की हे विचारणार, “बसला गर्दी होती का?” बस्स. लेक कशी आहे हे विचारायची ह्यांची ती पद्धत. मीही “होती” किंवा “नव्हती” एवढंच सांगायची. आधी वाटायचं, निवळेल. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, त्यातली गत.

आता तिला पुन्हा दिवस गेले होते. सातवा संपत आला होता, सगळं व्यवस्थित होतं. जावयाची बदली लांब झालेली, घरात ती एकटी. मी म्हटलं, इकडे ये. ती म्हणाली, “येते की. पण बाबांनी एकदा फोन करून ये म्हणावं. माफी नको, काही नको. नुसतं ये.”

मी ह्यांना सांगितलं.

“तिने चूक झाली म्हणावं,” हे म्हणाले. “मग मी दहादा ये म्हणेन.”

“तिला नाही वाटत चूक झाली असं.”

“मग मला कसं म्हणता येईल?”

बाप तशी लेक. मधल्या मध्ये माझं मात्र भरीत.

अशात तुरुंगातून पत्र आलं. गावाबाहेरच्या तुरुंगातला मोठा काटा अडकतो आहे, सोमवारी येऊन दुरुस्त करावा आणि सील लावून द्यावं. एका कैद्याला गुरुवारी फाशी द्यायची आहे, त्याआधी त्याचं अचूक वजन लागतं. कैदी कोण ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने एका सात वर्षांच्या मुलीला मारलं होतं. त्याला फाशी व्हावी म्हणून गावाने सह्यांचा अर्ज केला होता, त्यावर मंडळाचीही सही होती. म्हणजे सचिवाची. म्हणजे ह्यांची.

पत्र वाचून हे पिशवीत हत्यारं भरायला लागले आणि मला वाटलं, सापडले. खरं सांगते, त्या माणसाचं मला काही पडलेलं नव्हतं. मला ह्यांच्या तत्त्वाला कुठेतरी एक भोक हवं होतं. एकदा भोक दिसलं की नाक खाली येईल, आणि नाक खाली आलं की हात फोनकडे जाईल, असा माझा हिशेब.

“डॉक्टरबाईंचा काटा परत पाठवलात,” मी म्हटलं. “हा मात्र घेणार?”

“हा घेणार. का?”

“पत्रकात काय लिहिलंय तुम्ही?”

“अगं, ते निष्पाप जिवासाठी आहे. ह्याने मुलगी मारली.”

“निष्पाप असं कुठे लिहिलंय? मीच छापून आणलंय ते.”

“लिहायची गरज काय? कुणालाही कळतं.”

“मला नाही कळलं.”

ह्यांनी पिशवी खाली ठेवली. “ज्याने काहीच केलेलं नाही त्याचा जीव घेणं आणि ज्याने केलंय त्याला शिक्षा देणं, ह्यात तुला फरक दिसत नाही? ती मुलगी आपली असती तर?”

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही नाही. पण उत्तर नाही म्हणून बायकोने गप्प बसावं असा काही कायदा नाही.

“फरक दिसतो,” मी म्हटलं. “पण लेकीला तुम्ही फरकाचं बोलला नव्हतात. कारण कितीही मोठं असो, हात आपला नको, असं म्हणाला होतात. कारण तिच्याकडेही होतं. गुरुवारी हात कुणाचा असणार आहे?”

“फास ओढणाऱ्याचा.”

“आणि काटा?”

पुढ्यातला चहा निवून त्यावर साय धरली, तरी हे कपाकडे बघत बसले. मला मनातून बरं वाटलं. बाण लागला होता.

सोमवारी सकाळी तरीही आम्ही गेलो. पत्राला हो म्हटलेलं होतं आणि दिलेला शब्द मोडणं ह्यांच्या नियमात बसत नाही. ह्यांनी वीस-वीस किलोची वजनं गाडीतून उतरवली, मी वही घेतली. काटा कोठीच्या खोलीत होता. एरवी त्याच्यावर धान्याची पोती तोलतात. भिंतीवर किल्ल्यांचा फळा, कोपऱ्यात लोखंडी कपाट, खिडकीखाली रिकामी पोती घडी करून रचलेली. उपजेलर जाडजूड आणि फार सभ्य गृहस्थ. त्यांनी मला खुर्ची दिली आणि पंखा माझ्याकडे वळवला.

“काटेवाले, तुमचंच नाव सुचवलं सगळ्यांनी,” ते म्हणाले.

काट्यात फारसं काही नव्हतं. दांडी जिच्यावर टेकते त्या पात्याखाली गंज आणि पोत्यातला भुसा बसला होता. ह्यांनी तासाभरात सगळं उघडून, घासून, तेल देऊन पुन्हा जोडलं. मग वजनं चढवून बघितली. वीसला वीस. चाळीसला चाळीस. साठला मात्र काटा केसभर इकडेतिकडे करत होता. मी आकडे लिहिले.

हे वाकलेल्या अवस्थेतच म्हणाले, “साहेब, केसभर राहणार. कुठल्या बाजूला ठेवू?”

हा प्रश्न ह्यांनी आयुष्यात हजार वेळा विचारला असेल. सवयच ती.

उपजेलरांनी खुर्ची पुढे ओढली आणि एखाद्याला औषधाचा डोस समजावून सांगावा तसं सांगितलं. वजनावरून दोराची लांबी ठरते, त्याचं कोष्टक असतं. काटा हलकं दाखवणारा असेल तर दोर लांब सुटतो आणि मान तुटून वेगळी होऊ शकते. जड दाखवणारा असेल तर दोर आखूड पडतो आणि माणूस पंधरा-वीस मिनिटं लोंबकळत राहतो. “म्हणून म्हणतो, दोन्हीकडे नको. बरोबर मध्ये ठेवा.”

हे माझ्याकडे वळले. आवाज एकदम खाली. “इथे गिऱ्हाईक कोण गं?”

मी वहीत डोकं घातलं.

“त्याचं रोज सकाळी वजन घ्यावं लागतं,” उपजेलर घड्याळ बघत म्हणाले. “काटा बंद होता म्हणून चार दिवस राहिलंय. तुम्ही आहात तोवर उरकून घेऊ. माणूस उभा राहिल्यावर काटा कसा चालतो तेही तुम्हाला बघता येईल.”

दोन शिपाई त्याला घेऊन आले. मी काहीतरी राक्षस डोळ्यांसमोर आणला होता. आला तो पस्तिशीचा, केस विरळ झालेला, सर्दी झाल्यासारखं नाक ओढणारा माणूस. कुठल्याही रांगेत आपल्या पुढे उभा असतो तसा. त्याने काट्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे.

“चपला काढू का?” त्याने विचारलं.

“काढा,” हे म्हणाले. “चपलेचं वजन आपल्या नावावर कशाला?”

हेही सवयीचंच. दवाखान्यात, शाळेत, काट्यावर चढणाऱ्या प्रत्येकाला हे हेच सांगतात आणि लोक हसतात. तोसुद्धा थोडा हसला. चपला काढून त्याने त्या पायाने नीट जोडून ठेवल्या आणि वर चढला. ह्यांनी दांडीवरचं माप सरकवलं, थांबवलं, वाकून बघितलं.

“किती भरलं?” त्याने विचारलं.

“त्रेसष्ट.”

“मागच्या वेळी एकसष्ट होतं.”

“म्हणजे दोन वाढलं,” हे म्हणाले. “छान!”

तो शब्द खोलीत तसाच राहिला. शिपाई खिडकीबाहेर बघायला लागले. उपजेलर खोकले. तो माणूसच बिचारा सावरून घ्यायला म्हणाला, “जेवण बरं असतं इथलं,” आणि खाली उतरून त्याने चपलांत पाय घातले. त्याला घेऊन गेले.

ह्यांचं तोंड मी तीस वर्षं बघते आहे. ह्यांचे वडील गेले तेव्हाही ते असं झालं नव्हतं. ह्यांनी पक्कड, तार, शिशाच्या गोळ्या एकेक करून पिशवीत टाकल्या.

“सील?” उपजेलर म्हणाले.

“नाही लावत.”

“का? काटा बरोबर झाला ना?”

“झालाय. सील मी नाही लावणार. आधीच नाही म्हणायला हवं होतं, तेवढी चूक माझी.”

उपजेलर चिडले नाहीत. “दुसऱ्याला बोलवावं लागेल. फरक काहीच पडणार नाही, काटेवाले.”

“माहीत आहे.”

गाडीत बसल्यावर हे म्हणाले, “तू म्हणालीस ते खरं होतं. हात आपला नको म्हटलं की नको. मग माणूस कुठला का असेना.” मला इतकं भरून आलं की मी ह्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. असल्या गोष्टी आम्ही दिवसाउजेडी करत नाही.

मंगळवारी शेजारच्या गावचा काटेवाला आला आणि दहा मिनिटांत सील लावून गेला. काटा ह्यांनीच नीट करून ठेवलेला, त्याला करायला उरलं होतं काय? गुरुवारी पहाटे फाशी झाली. त्या दिवशी हे जेवले नाहीत. मी केलं होतं ते झाकून ठेवलं.

शुक्रवारी मंडळाची बैठक आमच्याच बाहेरच्या खोलीत झाली, त्यामुळे मला दाराआडून ऐकावं लागलं नाही, मी दारातच उभी राहिले. अध्यक्षबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, लालबुंद झाल्या होत्या. “त्या मुलीच्या आईसमोर उभं राहून सांगाल हे?”

“सांगेन,” हे म्हणाले. “तिला राग येईल. येऊ दे, तिचा हक्क आहे.”

“ज्याने काही केलं नाही ते बाळ आणि हा, तुम्हाला सारखेच?”

“सारखे नाहीत. पण माझा हात सारखाच आहे ना, बाई.”

त्यांनी सचिवपद काढून घेतलं. ह्यांनी फायली काढून दिल्या, पावती मागितली नाही. मला त्या क्षणी ह्या माणसाचा जितका अभिमान वाटला तितका लग्नापासून वाटला नव्हता. गाव नावं ठेवत होतं, डॉक्टरबाई भर बाजारात हसून गेल्या, भाजीवालीने सुद्धा सुनावलं, आणि हे ढिम्म.

शनिवारी दुपारी मी लोखंड तापलेलं बघून घाव घातला.

“आता लेकीला फोन करा.”

“कशाला?”

“कशाला म्हणजे? परक्या माणसासाठी इतकं केलंत. ज्याने मूल मारलं त्याला तुमच्या मनात जागा झाली. तिला नाही होत?”

हे माझ्याकडे शांतपणे बघत राहिले. राग नव्हता, तेच वाईट होतं.

“अगं, उलट आता तर मुळीच करता येत नाही,” हे म्हणाले. “आतापर्यंत मलाच आतून टोचायचं. तिला एक सांगतो आणि त्या अर्जावर सही करतो, म्हणजे आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. आता ते राहिलं नाही. तू डोळे उघडलेस माझे. त्याला नाही म्हटलं आणि तिला हो म्हटलं, तर मग सोमवारी मी केलं काय?”

मला ह्यांच्या तत्त्वातलं भोक हवं होतं. ह्यांनी ते बुजवलं, आणि बुजवायला माती मीच पुरवली. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, “तुम्ही बरोबर असाल हो. चारी बाजूंनी बरोबर असाल. पण मला लेक हवी आहे.” हे म्हणाले, “मलाही हवी आहे.” आणि ते खरं होतं, त्याला मी काय करू?

चारच्या सुमारास लेकीचाच फोन आला. पेपरात बातमी आली होती, ‘सील लावण्यास नकार’. तिच्या आवाजात आशा होती.

“आई, बाबा बदलले का गं?”

“नाही,” मी म्हटलं. “आणखी पक्के झाले.”

तिने सगळं नीट सांगायला सांगितलं. मी सांगितलं. कोठीची खोली, काटा, तो माणूस, चपला, त्रेसष्ट किलो, ते ‘छान’. काहीच गाळलं नाही.

“म्हणजे बाबा त्याच्याशी बोलले,” ती म्हणाली.

हे समोरच बसले होते, एका काट्याचं पातं घासत. मी फोन ठेवला, बॅग काढली आणि माझे कपडे भरायला लागले, दोन-तीन महिन्यांचे.

“काय म्हणाली?” ह्यांनी विचारलं. अडीच वर्षांत पहिल्यांदा असं सरळ विचारलं.

“ती म्हणाली, बाबा त्याच्याशी बोलले.”

ह्यांच्या हातातलं पातं थांबलं. मी बॅगेची चेन ओढली. सकाळी नाश्ता कशाचा करायचा, औषधं कुठल्या डब्यात आहेत, वही कुठे आहे, हे सगळं सांगितलं. हे मान हलवत होते, ऐकत नव्हते. मी दारात चपला घातल्या तेव्हा हे उठून मागे आले.

“तिला सांग,” हे म्हणाले.

मी थांबले. मोजून पाच मिनिटं थांबले, हातात बॅग तशीच धरून. ह्यांचे ओठ दोनदा हलले. शेवटची बस सहाची असते, म्हणून मग मी निघाले.